डब्ल्यू. डी. एम. २ : परक्या देशासाठी बांधलेले इंजिन

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी रेल्वेच्या इंजिनावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. कविता, ललित लेख किंवा फार तर एखादे प्रवासवर्णन आमच्याकडून अपेक्षित असते. पण आमच्या घरी एक जुनी दोनशे पानी वही आहे, आणि हा लेख त्या वहीतून निघाला आहे.

वही माझ्या आजोबांची. ते १९७० साली मिरजेच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले, पुढे फायरमन झाले आणि काही वर्षे त्यांनी वाफेच्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा ओढला. मग डिझेल इंजिने आली आणि त्यांना शिक्षणवर्गाला पाठविण्यात आले. आजोबा सातवी शिकलेले. वर्गातील सारे नकाशे इंग्रजीत, शिकविणे हिंदीत आणि परीक्षा तोंडी. तेव्हा त्यांनी प्रत्येक भागाचे नाव जसे ऐकू आले तसे वहीत लिहिले आणि शेजारी त्या भागाचे काम आपल्या मराठीत लिहिले. ‘गव्हर्नर : इंजिनाला आवरून धरणारा.’ ‘टर्बो : धुराच्या जोरावर हवा कोंबणारा.’ ‘मेन जनरेटर : इंजिनाची ताकद विजेत बदलणारा.’ वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, ‘डब्ल्यू. डी. एम. २’. त्या चार अक्षरांची चौकशी करावी म्हणून मी वाचू लागलो, आणि यंत्राची गोष्ट वाचता वाचता दोन देशांची, एका बुडालेल्या कंपनीची आणि आपल्याला अजून नीट न सुटलेल्या एका प्रश्नाची गोष्ट हाती आली.

नावाचा अर्थ

रेल्वेच्या भाषेत पहिले अक्षर रुळांची रुंदी सांगते. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे अरुंद रूळ. दुसरे अक्षर इंधनाचे. डी म्हणजे डिझेल. तिसरे कामाचे, एम म्हणजे मिश्र, म्हणजे प्रवासी गाडी आणि मालगाडी दोन्ही ओढणारे. शेवटचा आकडा क्रमाचा. तेव्हा ‘डब्ल्यू. डी. एम. २’ म्हणजे ब्रॉडगेजवरचे, डिझेलवर चालणारे, दोन्ही कामांचे, दुसऱ्या जातीचे इंजिन.

पहिली जात अर्थातच डब्ल्यू. डी. एम. १. अमेरिकेतील अल्को या कंपनीकडून १९५७ पासून अशी शंभर इंजिने आली. ती १९५० अश्वशक्तीची होती आणि पूर्वेकडील कोळशाच्या व लोखंडाच्या पट्ट्यात प्रामुख्याने वापरली गेली. त्यांचा नमुना ज्या मालिकेतला, तिचे नावच कंपनीने ‘वर्ल्ड सीरीज’, म्हणजे जागतिक मालिका, असे ठेवले होते. ऑस्ट्रेलिया, पाकिस्तान, पेरू, अर्जेंटिना, स्पेन अशा देशांत या मालिकेची इंजिने गेली. ती मुळी परदेशी विकण्यासाठीच आखलेली होती. १९६२ साली त्याच कंपनीने भारतासाठी अधिक शक्तीचे इंजिन पाठविले. कंपनीच्या वहीत त्याचे नाव डी. एल. ५६०, शक्ती २६०० अश्वशक्ती. हेच आपले डब्ल्यू. डी. एम. २.

डिझेल इंजिनाच्या पोटात वीज

येथे एक शंका येते. इंजिन डिझेलवर चालते, मग त्याला डिझेल-विद्युत इंजिन का म्हणावयाचे? माझीही हीच शंका होती. तिचे उत्तर समजले की सारे यंत्र समजते.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली यशस्वी ठरले. त्यात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबतात की ती पाचशे अंशांच्या वर तापते; त्या तापल्या हवेत तेलाची बारीक फवारणी केली की ते आपोआप पेटते. वाफेचे इंजिन कोळशातील शंभर भाग उष्णतेतून दहा भागही चाकाला देत नाही. डिझेल तीसहून अधिक भाग देते. परंतु या गुणी इंजिनाचा एक मोठा दोष आहे. ते थांबलेल्या स्थितीतून ओझे ओढू शकत नाही. आधी ते मोकळे फिरू लागले पाहिजे, ठराविक गती आली पाहिजे, मगच त्याच्यात बळ येते. वाफेचे तसे नाही. वाफ सिलिंडरमध्ये सोडली की चाक स्थिर असतानाही दट्ट्यावर पूर्ण दाब येतो, आणि गाडी हलते.

हजार-दीड हजार टनांची मालगाडी स्थिर उभी आहे आणि आपले इंजिन फिरल्याशिवाय बळ देत नाही. मोटारीत यावर क्लच आणि गिअर असतात. पण अडीच हजार अश्वशक्तीला पुरेल असा दातेरी चाकांचा गिअर करणे आणि तो टिकविणे अवघड. म्हणून अभियंत्यांनी वळसा घेतला. डिझेल इंजिनाचा चाकांशी संबंधच तोडून टाकला. ते फक्त एक मोठा जनरेटर फिरविते. जनरेटरची वीज खाली सहा आसांवर बसविलेल्या सहा मोटारींना जाते, आणि त्या मोटारी चाके फिरवितात. असल्या मोटारीचा स्वभाव डिझेलच्या अगदी उलट. ती थांबलेली असताना सर्वांत जास्त वीजप्रवाह घेते आणि सर्वांत जास्त जोर लावते. वेग वाढेल तसा तिचा जोर कमी होतो. गाडीला नेमके हेच हवे असते. सुरुवातीला जोर, नंतर वेग.

म्हणजे डब्ल्यू. डी. एम. २ हे खरे म्हणजे चाकांवर बसविलेले एक लहान वीजघर आहे. आजोबांनी वहीत या जागी एकच वाक्य लिहिले आहे : ‘इंजिन गाडी ओढत नाही, वीज ओढते.’

एक गंमत अशी की, इंजिन सुरू करताना हाच क्रम उलटा होतो. बॅटऱ्यांची वीज जनरेटरला देतात. तो क्षणभर मोटार बनून डिझेल इंजिनाला फिरवितो. इंजिनाने पेट घेतला की तो पुन्हा आपल्या कामाला लागतो.

थोडे आकडे

आकड्यांचा कंटाळा हा आम्हा कला शाखेवाल्यांचा जुना रोग. पण हे आकडे बोलके आहेत.

या इंजिनाला इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात दोन ओळींत बसविलेले सोळा सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास २२८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव २६७ मिलिमीटर. गणित केले तर एका सिलिंडरची जागा जवळजवळ ११ लिटर भरते. आपल्या रस्त्यावरील साध्या मोटारसायकलचे इंजिन १०० घनसेंटिमीटरचे. म्हणजे एका सिलिंडरमध्ये अशा एकशे दहा मोटारसायकली मावतात, आणि असे सिलिंडर सोळा.

पूर्ण शक्तीवर इंजिन मिनिटाला १००० फेरे घेते. चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा तेल पेटते, म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ५०० स्फोट. सोळांचे मिळून ८०००. म्हणजे सेकंदाला सुमारे १३३. उभ्या इंजिनाचे फेरे ४०० असतात, तेव्हा सेकंदाला सुमारे ५३ स्फोट होतात. फलाटावर डिझेल इंजिन उभे असताना छातीत जी घरघर जाणवते, ती या त्रेपन्न ठोक्यांची.

वजन ११२.८ टन. ते सहा आसांवर वाटले की प्रत्येक आसावर १८.८ टन. हे वजन निरुपयोगी ओझे नव्हे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरू नये म्हणून ते लागतेच. हलके इंजिन कितीही शक्तिमान असले तरी जागच्या जागी चाके फिरवीत बसेल. तरीही पावसात रूळ ओले झाले की चाके घसरतात, म्हणून चाकांपुढे वाळू सोडण्याची सोय असते. टाकीत ५००० लिटर तेल मावते. वेगाची मर्यादा ताशी १२० किलोमीटर.

चालकाच्या हातात शक्ती वाढविणारा दांडा असतो. त्याच्या आठ पायऱ्या. पायरी वाढवली की गव्हर्नर अधिक तेल सोडतो, इंजिनाचे फेरे वाढतात, आणि त्याबरोबर जनरेटरवरील भारही हळूहळू वाढविला जातो. भार एकदम टाकला तर इंजिन गुदमरेल. चढावर गाडी मंद झाली की विजेचा दाब कमी होऊन प्रवाह वाढतो. सपाटीवर वेग आला की प्रवाह कमी होऊन दाब वाढतो. दोहोंचा गुणाकार मात्र जवळजवळ तोच राहतो. शक्ती तीच, तिचा वापर वेगळा.

अल्कोच्या इंजिनाची खरी ओळख म्हणजे त्याचा काळा धूर. गाडी सुटताना डोक्यावरून काळाकुट्ट लोट उठे, हे अनेकांनी पाहिले असेल. त्याचे कारण आजोबांच्या वहीतल्या त्या ‘हवा कोंबणाऱ्या’ टर्बोत आहे. टर्बो फिरतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर. चालकाने पायरी वाढवली की तेल ताबडतोब वाढते. पण टर्बोचा वेग वाढून जास्त हवा यावयास काही क्षण लागतात. त्या क्षणांत तेल जास्त आणि हवा कमी. अर्धवट जळालेले तेल काळा धूर होऊन बाहेर पडते. हवा पोचली की धूर निवळतो. पुष्कळांना तो धूर म्हणजे इंजिनाचे सामर्थ्य वाटे. वस्तुतः ती त्याची क्षणभराची उपासमार होती.

परक्या देशाचे माप

निर्यातीसाठी इंजिन बांधावयाचे म्हणजे घरचे इंजिन जहाजात घालून पाठवावयाचे, असे नाही. अमेरिकेत रुळांची रुंदी १४३५ मिलिमीटर, आपली १६७६. तेव्हा खालचे गाडे वेगळे करावे लागले. अमेरिकेतील डबे मधल्या एकाच मजबूत आकड्याने जोडले जात. आपल्याकडे दोन बाजूंना बफर आणि मध्ये स्क्रूची साखळी होती. सर्वांत मोठा फरक ब्रेकचा. अमेरिकेतील गाड्यांना दाबलेल्या हवेचे ब्रेक. आपल्याकडे त्या काळी निर्वात ब्रेक होते. त्यात नळातील हवा सतत ओढून काढावी लागते. म्हणून या इंजिनात एकाच यंत्रात दोन कामे जोडली गेली. एका बाजूने ते हवा दाबून इंजिनाच्या स्वतःच्या ब्रेकना देते, दुसऱ्या बाजूने गाडीच्या नळातली हवा ओढून घेते. शिवाय आपली धूळ आणि आपला उन्हाळा. इंजिनाला हवा शुद्ध हवी आणि पाणी थंड हवे; म्हणून गाळण्या आणि पाणी थंड करणारी जाळी यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे लागले.

काही गोष्टी मात्र अमेरिकेच्याच राहिल्या. चालकाची खोली एकच, तीही एका टोकाजवळ. इंजिन एका दिशेने चालले तर पुढे आखूड नाक. उलट चालले तर चालकापुढे सारे लांबलचक धूड. आजोबा म्हणत, “लांब तोंड पुढं असलं की एका अंगाचा सिग्नल मी बघायचा न् दुसऱ्या अंगाचा ड्रायव्हरनं. दोघांनी एकमेकांना ओरडून सांगायचं. एकाचा डोळा चुकला तर दुसऱ्याचा पाहिजे.”

वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर आणि दोन फायरमन अशी तीन माणसे असत. डिझेलवर दोनच. ज्याला आपण प्रगती म्हणतो तिच्या हिशेबात प्रत्येक इंजिनामागे एक माणूस कमी झाला. रेल्वेने त्यांना इतर कामे दिली. पण भट्टीतील जाळाचा रंग पाहून वाफेचा अंदाज सांगणाऱ्या माणसाच्या त्या विद्येला दुसरीकडे किंमत नव्हती. आजोबांना ती वही का लिहावीशी वाटली, हे मला येथे समजले. नाव पाठ झाले नाही तर परत खाली जावे लागणार होते.

वाराणसी

भारताने ही इंजिने नुसती विकत घेतली नाहीत. अल्कोशी करार करून ती बांधण्याची विद्याही मागितली. त्याच सुमारास जनरल मोटर्सकडूनही २६०० अश्वशक्तीची ७२ इंजिने आली होती, आणि तीही उत्तम होती. पण बांधणीचे तंत्र मिळाले ते अल्कोचे. वाराणसीस डिझेल रेल्वे इंजिनांचा कारखाना उभा राहिला आणि जानेवारी १९६४ मध्ये तेथून पहिले इंजिन बाहेर पडले. पहिली बारा इंजिने अमेरिकेहून आलेले सुटे भाग जुळवून झाली. मग एकेक भाग येथेच होऊ लागला. जनरेटर आणि मोटारी भोपाळहून येऊ लागल्या. १९९८ पर्यंत या जातीची अडीच हजारांहून अधिक इंजिने बांधली गेली. देशाच्या कोणत्याही भागात फलाटावर उभे राहिले तर हेच इंजिन समोर येई, इतके ते सर्वत्र झाले.

आपल्या भागापुरते सांगावयाचे तर मिरज-कोल्हापूरकडे ब्रॉडगेज १९७१ साली आली. पुढे कितीतरी वर्षे मुंबईची गाडी पुण्यापर्यंत विजेच्या इंजिनाने येई. पुण्यास ते सुटे, आणि काळा धूर सोडीत डिझेल इंजिन गाडीला लागे. झोपेत बसणारा तो एक हिसका आमच्या आधीच्या पिढीतील सर्वांना आठवतो. मीटरगेजवरून गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांना वाय. डी. एम. ४ हे इंजिन असे. तेही अल्कोचेच, त्याच जातीच्या सहा सिलिंडरांचे, १४०० अश्वशक्तीच्या घरातले. म्हणजे दोघी सख्ख्या बहिणी, एक मोठी, एक धाकटी.

विकणारा बुडाला

आता या कथेतील सर्वांत विलक्षण भाग. ज्या अल्कोने आपल्याला ही विद्या दिली, ती १९०१ साली अनेक कारखाने एकत्र येऊन स्थापन झालेली, वाफेच्या इंजिनांत नावाजलेली कंपनी १९६९ साली इंजिने बांधण्याच्या धंद्यातून उठली. आपल्या कारखान्याला तेव्हा पाच वर्षे झाली होती.

ती का बुडाली? कारणे अनेक असतील, पण एक स्पष्ट दिसते. अल्को डिझेल इंजिन स्वतः बांधी. पण जनरेटर आणि मोटारी जनरल इलेक्ट्रिक या कंपनीकडून घेई. दोघींची भागीदारी होती. १९५३ साली ती संपली आणि १९६० साली जनरल इलेक्ट्रिकने स्वतःचे २५०० अश्वशक्तीचे संपूर्ण इंजिन बाजारात आणले. म्हणजे अल्को ज्याच्याकडून अर्धे इंजिन विकत घेत होती, तोच आता तिचा प्रतिस्पर्धी झाला. नऊ वर्षांत अल्कोचा कारभार आटोपला. तिच्या मूळ कारखान्यात जे थांबले, ते वाराणसीत पुढे जवळजवळ तीस वर्षे चालू राहिले. परक्या देशासाठी बांधलेल्या इंजिनाने बांधणाऱ्यालाच मागे टाकले.

आपण काय शिकलो?

येथपर्यंत वाचून अभिमान वाटतो, आणि तो वाटावयासही हवा. पण लेख येथे संपविला तर ते अर्धसत्य होईल.

आपण इंजिन बांधावयास शिकलो. त्यात सुधारणाही केल्या. तेल कमी खाणारे भाग बसविले, त्याच सोळा सिलिंडरांतून २६०० च्या जागी ३१०० अश्वशक्ती काढली. १९९६ मध्ये श्रीलंकेला वाराणसीची इंजिने गेली. ज्या इंजिनाचा जन्मच निर्यातीसाठी होता, ते आपल्या हातून पुन्हा निर्यात झाले. परंतु मूळ आराखडा १९६२ चाच राहिला. जगात दरम्यान मोटारी बदलल्या. एकदिश प्रवाहाच्या जागी प्रत्यावर्ती प्रवाहाच्या, कमी देखभालीच्या आणि कमी घसरणाऱ्या मोटारी आल्या. तेव्हा १९९० च्या दशकात आपल्याला पुन्हा अमेरिकेच्या दारी जावे लागले. जनरल मोटर्सची ४००० अश्वशक्तीची इंजिने १९९९ पासून आली. त्यांचे तंत्र घेऊन तीही पुढे वाराणसीत होऊ लागली. कॅसलरॉक ते कुळे हा गोव्याचा घाट, ज्याचा चढ सदतीस फुटांस एक फूट इतका कठीण आहे, तेथे हुबळीच्या शेडमधील याच इंजिनांनी मालगाड्या चढविल्या.

पुढे २०१५ मध्ये बिहारमधील मढौरा येथे हजार इंजिने बांधण्याचा करार झाला. कोणाशी? जनरल इलेक्ट्रिकशी. ज्या कंपनीने अल्कोचा बाजार घेतला, तिच्याशीच. तिचा रेल्वे विभाग २०१९ मध्ये वॅबटेक या कंपनीत विलीन झाला, आणि २०२५ च्या जूनमध्ये मढौराहून ४५०० अश्वशक्तीचे पहिले निर्यात इंजिन आफ्रिकेतील गिनी देशासाठी निघाले. इंजिन भारतात बांधलेले, आराखडा अमेरिकेचा, लोहखनिज आफ्रिकेचे. हा हिशेब कोणाच्या नावावर मांडावयाचा, हे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी आम्हांस सांगावे.

मला वाटते, शिकण्याचे तीन टप्पे असतात. पहिला, वापरावयास शिकणे. दुसरा, बांधावयास शिकणे. तिसरा, नवे कल्पावयास शिकणे. डब्ल्यू. डी. एम. २ ने आपल्याला दुसऱ्या टप्प्यापर्यंत आणले, ही लहान गोष्ट नव्हे. अनेक देश पहिल्यावरच थांबले. पण तिसरा टप्पा करारात लिहून मिळत नाही. अल्कोची कथा पाहिली तर विद्या देणाऱ्यालाही तो कायमचा लाभलेला नसतो.

आता मिरजेच्या मार्गावर विजेच्या तारा आल्या आहेत. वाराणसीच्या कारखान्याचे नाव २०२० मध्ये बनारस रेल्वे इंजिन कारखाना झाले, आणि विजेची इंजिने हे त्याचे मुख्य काम झाले. डब्ल्यू. डी. एम. २ बहुतेक सारी भंगारात गेली. मागील वर्षी आजोबांना घेऊन मी स्टेशनावर गेलो होतो. विजेच्या इंजिनाने गाडी उचलली. धूर नाही, घरघर नाही. आजोबा बराच वेळ पाहत राहिले. मी विचारले, “कसं वाटतं?”

ते म्हणाले, “चांगलंय की. डिझेल मधनं काढून टाकलं, एवढंच. ओढायची तेव्हाबी वीजच, आत्ताबी वीजच.”

मग थोडे थांबून म्हणाले, “याची वही कोणी लिवलीय का रे?”